जोडा कुठे चावतो?



जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही उभयतांनी ही म्हण आजवर शेकडो वेळा वापरली असेल. परंतु घालणाऱ्यालाही ते कळले नाही तर काय होते, हे मात्र म्हणीत सांगितलेले नाही. ते आम्हाला अनुभवाने शिकावे लागले. त्या शिक्षणाची फी बरीच पडली. ती दुसऱ्या कोणाला भरावी लागू नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

गोष्ट २०१८ सालची. आमच्या नातवाची बार मित्स्वा मसादावर करायचे ठरले. मसादाच्या माथ्यावरील प्राचीन सिनेगॉगमध्ये असे समारंभ होतात, हे आपणांस माहीत आहेच. पेसाहच्या तीन आठवडे आधीचा, तोरावाचनाचा गुरुवार ठरला. मुलांनी सांगितले, "तुम्ही केबल कारने या." आम्ही म्हणालो, "छे! आम्ही सर्पवाटेने चढून येणार." तरुणपणी आम्ही रायगड चढलो होतो, तोसुद्धा पायांत चपला घालून. हजारावर पायऱ्या चढून वर गेलो आणि वर पिठले-भाकरी खाऊन संध्याकाळी खाली उतरलो. मग मसादाचे ते काय? सर्पवाट सारी दोन किलोमीटरांची. चढ सुमारे साडेतीनशे मीटरांचा. मधल्या काळात आमच्या वयात किती वर्षांची भर पडली आणि दोघांपैकी एकाला चौदा वर्षांपासून साखरेचा आजार आहे, या दोन गोष्टी आम्ही हिशेबात धरल्याच नाहीत.

तरी एक शहाणपणा केला. चपलांवर न जाता नवे बूट घ्यायचे ठरवले. एका मोठ्या दुकानात सकाळी दहा वाजता गेलो. पायांत रोजचे पातळ सुती मोजे होते. दुकानदार मोठा गोडबोल्या. "डोंगर चढायचा ना? मग हे घ्या. युरोपातले शिकारी उंच डोंगरात हेच घालतात," असे म्हणून त्याने दोन जोड पुढे ठेवले. घोट्याच्या वर चांगले वीतभर उंच, जाड कातड्याचे, आतून उबदार अस्तराचे, पाण्याचा थेंब आत न येऊ देणारे. आम्ही घालून चार पावले गालिच्यावर टाकली. बोटे पुढे अगदी टेकत होती. दुकानदार म्हणाला, "कातडे आहे, सैल होईल." आम्ही मान डोलावली आणि पैसे मोजले.

आता शिकारीचा आणि आपला संबंध काय, असे कोणी विचारील. खरेच आहे. एसाव आणि निम्रोद यांच्या नावापलीकडे आपल्या परंपरेत शिकाऱ्यांना मान नाही. शेहिता न झालेले मांस आपल्याला चालत नाही. आणि अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेज्केल लांडाऊ यांना शिकारीविषयी विचारले गेले, तेव्हा केवळ मौजेखातर जीव मारणे यहुद्याला शोभत नाही, असेच मत त्यांनी दिले. कोकणात गावकरी कुत्री घेऊन रानडुकराच्या मागे निघत, तेव्हा आपली वडीलमंडळी ओटीवरच बसून राहत. तेव्हा आमचा शिकारीशी संबंध आला तो फक्त बुटापुरता. पण तो बूट कोणासाठी आणि कशासाठी केलेला आहे, हे न समजल्यामुळे आम्ही फसलो. म्हणून आधी ते सांगतो.

आल्प्ससारख्या डोंगरात जो शिकारी फिरतो, त्याला पहाटे दंव पडलेल्या गवतातून, कधी बर्फातून चालावे लागते. मग तासन् तास एका जागी थंडीत बसावे लागते. तीव्र उतारावर आडवे चालावे लागते, म्हणजे बुटाची एकच कड जमिनीत रुतते. पाठीवर ओझे असते. अशा माणसाला ताठ तळ हवा, उंच घोटा हवा, ऊब हवी आणि पाण्याला अटकाव हवा. त्याच्या कामाला तो बूट उत्तमच. पण मृत समुद्राकाठी ना दंव, ना बर्फ, ना एका जागी बसणे. इथे हवा कोरडी, दगड तापलेला, आणि माणूस सारखा चालत असतो. तळपायावर घामाच्या ग्रंथी फार दाट असतात. पाणी अडवणारे ते आतले अस्तर घामाची वाफ बाहेर सोडते हे खरे, पण हळूहळू सोडते. त्यावर जाड कातडे आणि उबदार थर असला तर आणखीच हळू. घाम त्याहून वेगाने सुटला की मोजा ओला होतो, ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते, आणि मऊ पडलेल्या कातडीवर घासून फोड यायला वेळ लागत नाही. थोडक्यात, बूट वाईट नव्हता. देश चुकला होता.

त्या गुरुवारी पहाटे अंधारात आम्ही चढायला लागलो. चढताना काहीच त्रास झाला नाही. याचेही कारण आहे. चढावर पाय बुटात मागे, टाचेकडे बसतो. बोटांना पुढे जागा मिळते. म्हणून आखूड बूट चढावर कधीच आपली चूक दाखवत नाही. मवाबच्या डोंगरांवर सूर्य आला तेव्हा आम्ही माथ्यावर होतो. नातवाने आपला भाग न अडखळता वाचला. खोबरे आणि खजूर वाटला. डोळे भरून आले. सगळी मंडळी केबल कारकडे निघाली. नातू म्हणाला, "सबा, सफ्ता, चला ना आमच्याबरोबर!" आम्ही हसून नाही म्हणालो. जसे चढलो तसे उतरणार, असा आमचा बाणा.

उतारावर शरीराचा सगळा भार पुढे येतो. नाडी सैल असली आणि टाच नीट धरलेली नसली, तर प्रत्येक पावलाला पाय पुढे सरकतो आणि बोटे बुटाच्या भिंतीवर आपटतात. साडेतीनशे मीटर उतरायचे म्हणजे अशी किती हजार पावले, याचा हिशेब वाचकांनीच करावा. निम्म्या वाटेवर आमच्यापैकी एकाने "मेलो, मेलो" म्हणून दगडावर बसकण मारली, बूट काढले, मोजे वाळवले, नाड्या घट्ट आवळल्या आणि कण्हत कण्हत पुढची वाट धरली. दुसऱ्याने मात्र एकदाही तक्रार केली नाही. हसतमुखाने खाली आल्याबद्दल सगळ्यांनी शाबासकी दिली. दोघांपैकी कोण कण्हत होते आणि कोण हसत होते, ते आम्ही सांगणार नाही. त्यावरून घरात अजून वाद आहे.

संध्याकाळी दिमोनाला घरी आल्यावर मोजे काढले. कण्हणाऱ्याच्या अंगठ्याचे नख काळेनिळे पडले होते. काही महिन्यांत ते गळले आणि नवे आले, संपले. हसणाऱ्याचा मोजा निघेना. तो रक्ताने करंगळीला चिकटला होता. करंगळीच्या बाहेरच्या बाजूची कातडी सोललेली होती आणि त्याची जाणीवच नव्हती. साखरेच्या आजाराने अनेक वर्षांत पायांच्या नसा बधिर होतात, हे आम्ही ऐकून होतो. पण बधिर झालेल्या माणसाला आपण बधिर झालो आहोत, हे तरी कसे कळणार?

पुढची चूक आणखी मोठी. पेसाहची साफसफाई चालू होती. घरातले खमीर काढायचे, भांडी बदलायची. "एवढ्याशा जखमेला डॉक्टर कशाला?" म्हणून हळद आणि खोबरेल लावून फडके बांधले. दुखत नव्हते ना! दहाव्या दिवशी पाऊल लाल झाले, सुजले आणि वास येऊ लागला. तेव्हा डॉक्टरांकडे धावलो. तोपर्यंत जखमेचे विष हाडापर्यंत पोचले होते. त्या वर्षीचा सेदेर इस्पितळात झाला. करंगळी गेली. आमच्या घरात आता दोघांची मिळून पायांची एकोणीस बोटे आहेत.

पाऊल वाचले, याबद्दल परमेश्वराचे आभार. घरी आल्यावर एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला. पोहे, खोबरे, गूळ, फळे, सगळे यथासांग. शेजारीपाजारी आले. त्यातल्या अनेकांनी "आम्हालाही साखर आहे, पण पायांकडे कधी पाहिले नाही," असे सांगितले. तेव्हाच हा लेख लिहावा असे मनात आले.

इस्पितळातून सुटल्यावर आम्हाला पायांच्या तज्ज्ञाकडे पाठवले. त्यांनी नायलॉनची एक बारीक काडी तळव्याला टेकवून "लागते का?" असे विचारले. ही काडी दहा ग्रॅमच्या दाबाला वाकते. ज्याला तिचा स्पर्श कळत नाही, त्याच्या पायाने दुखण्याची सूचना देणे सोडून दिले आहे, असे समजावे. परीक्षेला दोन मिनिटेही लागत नाहीत. आपल्यापैकी ज्यांना साखर आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी ती करून घ्यावीच. मग त्यांनी बूट कसा निवडावा ते शिकवले. ते आमच्या शब्दांत पुढे देतो.

पहिली गोष्ट वेळ. दिवसभर चालून-उभे राहून पाय थोडे सुजतात. म्हणून बूट घ्यायला दुपारनंतर जावे, सकाळी नव्हे. डोंगरात जे मोजे घालणार तेच घालून जावे. आणि दोन्ही पाय मोजून घ्यावेत. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. नंबर मोठ्या पायाचा घ्यावा.

दुसरी गोष्ट नंबर. भारतात आपण इंग्रजी नंबर घेत होतो. तो एक नंबर वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. इथल्या युरोपीय नंबरात एका नंबराला साडेसहा मिलिमीटरांहून किंचित अधिक. तिकडचा आठ म्हणजे इकडचा साधारण बेचाळीस. पण नंबरावर विसंबू नये, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. नाडी न बांधता पाय बुटात अगदी पुढे सरकवावा आणि टाचेमागे हाताचे एक बोट घालून पाहावे. ते बेताने जायला हवे. नाडी बांधल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असेल असे नाही. कित्येकांचे दुसरे बोट लांब असते.

तिसरी गोष्ट रुंदी. हे आपल्या जुन्या पिढीने विशेष लक्षात ठेवावे. ज्यांचे बालपण अनवाणी गेले त्यांचा चवडा पसरट असतो, बोटे मोकळी असतात. आपले पूर्वज शनवार तेली म्हणून घाण्यामागे फिरले, शेतातून चालले. आमचेही शाळेचे पहिले दिवस अनवाणीच गेले. असा पाय अरुंद साच्याच्या बुटात कोंबला की पहिला मार करंगळीला बसतो. लांबी बरोबर असूनही बाजूने दाबत असेल, तर मोठा नंबर न घेता रुंद साचा मागावा. मोठा नंबर घेतला तर टाच सैल होते, आणि सैल टाच म्हणजे पुन्हा फोड. "घालून घालून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नये. कातडे थोडे नरम पडते, पण बूट लांब कधीच होत नाही.

चौथी गोष्ट उतार. चांगल्या दुकानात लाकडी उतरती फळी असते. नसली तर जिना असतोच. नाडी बांधून उताराकडे तोंड करून उभे राहावे, जोराने पाय आपटावा. बोटे पुढे टेकली तर तो बूट आपला नव्हे. चढाकडे तोंड केल्यावर टाच उचलली जाते का, तेही पाहावे.

पाचवी गोष्ट हवा. आपण नेगेवमध्ये, यहुदाच्या रानात फिरतो. इथे पाणी अडवणाऱ्या अस्तराची सहसा गरज नसते. वरच्या भागात जाळीचे कापड आणि त्यावर मऊ कातड्याच्या पट्ट्या असलेला, अस्तर नसलेला हलका बूट उत्तम. घाम सुटतो तसा वाळतो. पुढच्या टोकाला मात्र रबराची पट्टी असावी, कारण दगड फार टोकदार. मोजे सुती नकोत. सूत घाम पिऊन बसते. बारीक लोकरीचे किंवा लवकर वाळणाऱ्या धाग्याचे घ्यावेत. उन्हाळ्यातही लोकर चालते, हे आम्हाला आधी पटत नव्हते, आता पटले. एक जादा जोड पिशवीत असावा आणि विसाव्याला बदलावा.

सहावी गोष्ट तळ. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये एका तुकडीतले सहा गिर्यारोहक दगावले. त्यांचे साथी व्हिताले ब्रामानी यांच्या मते त्यांची पादत्राणे अपुरी होती. त्यातून त्यांनी रबराचा खोल खाचांचा तळ तयार केला. तो १९३७ पासून वापरात आला. आज जगभर डोंगरी बुटांना तशाच खाचा दिसतात. त्याआधी तळाला लोखंडी खिळे ठोकत. रोमन सैनिकांच्या वहाणांनाही असेच खिळे असत. योसेफस लिहितो की, इ.स. ७० मध्ये येरुशलायमच्या लढाईत ज्युलियानस नावाचा रोमन शताधिपती मंदिराच्या गुळगुळीत फरशीवर या खिळ्यांमुळेच घसरून पडला आणि मारला गेला. तेव्हा तळ जमीन पाहून निवडावा. उतारावर खोल खाचा आणि टाचेला पुढच्या बाजूने स्पष्ट कड हवी. ती कड उतरताना लगामाचे काम करते.

सातवी गोष्ट नाडी. उतरायला लागण्यापूर्वी बसून नाड्या पुन्हा बांधाव्यात. चवड्यावर बेताच्या, घोट्याच्या वळणावर मात्र घट्ट, म्हणजे टाच मागे बसून राहते. आपल्या धर्मशास्त्रात जोडा घालण्याचाही क्रम सांगितला आहे. आधी उजवा पाय घालावा, मग डावा. पण नाडी आधी डाव्याची बांधावी. लहानपणी आम्हाला याचे हसू येई. आता वाटते, ज्यांनी हा क्रम लावून दिला त्यांनी निदान जोडा घालताना पायाकडे लक्ष द्यायला लावले. सकाळच्या प्रार्थनेत आपल्या सर्व गरजा पुरवणाऱ्या परमेश्वराची जी बेराखा आहे, ती तल्मूदमध्ये जोडा घालतानाची म्हणून सांगितली आहे. पायांत नीट जोडा असणे ही किती मोठी गरज, हे त्या जुन्या लोकांना ठाऊक होते.

ज्यांना साखर आहे त्यांच्यासाठी आणखी थोडे. नवा बूट पहिल्या दिवशी घरात एक-दोन तास घालावा, काढून पाय पाहावा, मग हळूहळू वेळ वाढवावा. घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. खडा, खिळा, मोज्याची सुरकुती हाताला कळते, पायाला कळणार नाही. रोज रात्री तळवा आरशात पाहावा किंवा दुसऱ्याला पाहायला सांगावे. नखे सरळ कापावीत. फोड दिसला तर हळद-तेल न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुखत नाही हे बरे असल्याचे लक्षण नव्हे.

१९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादीन यांनी मसादाचे उत्खनन केले, तेव्हा तिथे कातडी वहाणा सापडल्या, एका स्त्रीच्या केसांची वेणीही सापडली. त्या वहाणांची छायाचित्रे आम्ही पूर्वी पाहिली होती, पण वेणीकडेच अधिक लक्ष गेले होते. आता वहाणांकडे जाते. पातळ तळ, दोन-चार वाद्या, बोटे उघडी. घालणारी बाई त्याच उभ्या वाटेने चढली असेल, उतरली असेल. हवा खेळत होती, आणि पाय दिसत होता. आमच्या महागड्या बुटात या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

२०१९ च्या हिवाळ्यात, डॉक्टरांची परवानगी घेऊन, आम्ही नवे बूट घालून प्रथमच बाहेर पडलो. मसादाला नव्हे; येरुहामजवळच्या मोठ्या मख्तेशमध्ये, जिथे रंगीत वाळू आहे. तास-दीड तासाची वाट, थोडासा उतार. नातू बरोबर होता. दर अर्ध्या तासाने आम्ही दगडावर बसायचो, बूट-मोजे काढायचो आणि एकमेकांचे तळवे पाहायचो. रस्त्याने जाणारी सैनिकांची एक तुकडी आमच्याकडे पाहून हसली. आम्हीही हसलो. नातवाने मोजून सांगितले, "एकोणीस. सगळी आहेत."

वाचकहो, आज रात्री झोपण्यापूर्वी आपले पाय एकदा पाहा. घरात वडीलधारे असतील तर त्यांचेही पाहा. तेवढे केलेत तरी आमची फी वसूल झाली असे समजू.